छताच्या वरची वीत

कासारझरीच्या महिला हॉकी लीगमध्ये खेळाडूंना पगार उंचीत मिळतो.

करारावर सही झाली की खेळाडू लीगच्या कचेरीतल्या सागवानी मोजखांबाला पाठ लावून उभी राहते. मापाधिकारी कुलथे मॅडम तिच्या मनगटावर शिक्का मारतात आणि करारात लिहिली असतील तितकी बोटं ती उंच होते. बारा बोटांची एक वीत. करार आहे तोवर ही उंची खेळाडूची. करार संपला की त्याच खांबाला टेकून ती परत करायची. मूळ उंची आईबापांनी दिलेली असते, तिला लीग हात लावत नाही. गावात मुलगी बघायला येणारी माणसं हल्ली चहाचा कप खाली ठेवून आधी विचारतात, "मूळची किती आणि कराराची किती?"

लीगकडे उंची काही अमाप नाही. प्रत्येक संघाला हंगामासाठी दोनशे बोटं मिळतात, आणि त्याहून जास्त उंची संघाने वाटायची नाही. या मर्यादेला सगळे छत म्हणतात. सोळा खेळाडूंना छताखाली बसवणं हे संघाच्या चिटणिसाचं काम.

कासारझरी संघाच्या छताखाली मात्र आधीपासून कार्यकारी मंडळ बसलेलं होतं. मंडळात चिटणीस धरून पाच ज्येष्ठ होते आणि पाचही जण मानधन घेत. अध्यक्ष भाऊसाहेब रणनवरे यांच्या एकट्याच्या अंगावर तीस बोटं होती. ते हॉकी कधी खेळले नव्हते, पण संघ स्थापन झाला तेव्हा नारळ त्यांनी फोडला होता. सगळ्यांचं मानधन वजा जाता खेळाडूंच्या वाट्याला जेमतेम निम्मं छत उरायचं. तेवढ्यात चांगल्या मुली कुठून मिळणार?

यावर चिटणीस टिळेकरांनी बोनसचा उपाय काढला होता. पगार कमी द्यायचा, बोनस भरपूर लिहायचा. बोनस कमावला जात नाही तोवर तो छतात धरत नाहीत, त्यामुळे कागदावर करार भरघोस दिसायचा आणि छताला धक्का लागायचा नाही. संघ नऊ हंगाम तळाला होता, तेव्हा बोनस कमावण्याचा प्रश्न कधी आलाच नाही. लग्नपत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' छापतात, तशी टिळेकर ही कलमं छापायचे.

केतकी दांगटच्या करारात पगार तीन बोटं होता आणि खाली एक ओळ होती: हंगामात पंधरा गोल केल्यास एक वीत. आदल्या वर्षी सगळ्या संघाने मिळून चार गोल केले होते. केतकी तेवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, कॉलेजच्या संघाची कप्तान राहिलेली. ती ओळ वाचून तिला हसू आलं. टिळेकरांना वाटलं, पोरगी खूश झाली.

बोनसच्या उंचीबद्दल लीगचे दोनच नियम आहेत. कमावलेली बोनसची उंची कायमची असते, करार संपला तरी ती परत करायची नसते. आणि बोनसमुळे संघ छताच्या वर गेला, तर जितका वर गेला तितकी उंची पुढच्या हंगामाच्या छतातून कापली जाते.

त्या वर्षी संघ अंतिम सामन्यात पोचला. केतकीचे चौदा गोल झाले होते. बाकीच्या मुलींनीही कुठे एक बोट, कुठे दोन बोटं असे छोटे छोटे बोनस कमावले होते. छत काठोकाठ भरलं होतं. आता आणखी एक जरी बोट वाढलं असतं, तरी ते वर सांडलं असतं.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी भाऊसाहेबांनी केतकीला संघाच्या कचेरीत बोलावलं. केतकी आता कप्तान होती. कप्तानपद मंडळाने तिला मोठ्या मनाने दिलं होतं, कारण त्याला उंची लागत नव्हती.

"बस," भाऊसाहेब म्हणाले. ते फार वरून बोलायचे, त्यामुळे शब्द खाली यायला थोडा वेळ लागायचा. "उद्याचा सामना जिंकायचाय."

"जिंकूच."

"पण तू गोल करायचा नाहीस."

"भाऊसाहेब, मी सेंटर फॉरवर्ड आहे."

"म्हणून तर तुला सांगतोय. गोलकीपरला कशाला सांगू?"

टिळेकरांनी हिशेब समजावून दिला. पंधरावा गोल झाला की केतकीची वीत. वीत छताच्या वर. म्हणजे पुढच्या हंगामात संघाचं छत एक वीत खाली.

"मग कलम लिहिलंत कशाला, काका?"

"अगं, लिहिताना कुणाला वाटलं होतं तू करशील म्हणून?" टिळेकर खरोखर दुखावले होते. "इतकी वर्षं मुली सह्या करतायत. आजवर एकीनेही असा गैरफायदा घेतला नाही."

"आणि केलाच गोल, तर वीत कुणाची कापणार?"

टिळेकरांनी भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं.

"बाकी सगळ्यांचे करार पुढच्या वर्षापर्यंत आहेत," टिळेकर म्हणाले. "यंदा संपतोय तो एकट्या जुबेदाचा. आणि तिची बरोबर एक वीतच आहे. नूतनीकरण केलं नाही की वजाबाकी जुळते."

जुबेदा पटवेकर संघाची गोलकीपर होती. केतकीने पुढे चौदा गोल केले, ते मोजले गेले. जुबेदाने मागे जे होऊ दिले नाहीत, ते मोजायची पद्धत संघात नव्हती.

"तिच्यामुळे आपण इथवर आलोय," केतकी म्हणाली.

"नाही कोण म्हणतंय? शाल-श्रीफळ देऊ की. आम्ही काही माणुसकी सोडलेली नाही. पुढच्या वर्षी मूळचीच उंच असलेली एखादी बघू."

"तुमचं मानधन कापा ना."

ज्येष्ठांच्या उंचीबद्दल त्या खोलीत आजवर कुणी बोललं नव्हतं.

"ही उंची आमची नाही, पोरी," भाऊसाहेब सावकाश म्हणाले. "ती संघाचा मान आहे. आम्ही नुसती वाहतोय."

"मग दमला असाल. थोडी खाली ठेवा."

"तुझ्या वडिलांना मी चांगला ओळखतो, केतकी."

"तेही तुम्हाला ओळखतात. म्हणून तर इथे येत नाहीत."

ती उठली आणि बाहेर पडली. दार लावून घ्यायचं मात्र ती विसरली नाही, कारण रागाच्या भरात उघडं टाकलेलं दार या लोकांना वर्षभर चघळायला पुरतं, हे तिला ठाऊक होतं.

जुबेदा एसटीत वाहक होती. घरी जाताना केतकीला तिचीच गाडी मिळाली. गाडीच्या छताला लागून ड्रायव्हरपर्यंत घंटीची दोरी गेलेली होती, आणि जुबेदा चालत्या गाडीत, गर्दीत, एका हाताने तिकीट देत दुसऱ्या हाताने ती सहज ओढायची. मूळची जुबेदा दोरीच्या बरीच खाली होती. लीगची वीत मिळाल्यावर कुलथे मॅडमच्या दाखल्यावर तिला ही नोकरी लागली. त्याआधी ती आगाराच्या कँटीनमध्ये भांडी घासायची.

केतकीने तिला सगळं सांगितलं. जुबेदा ऐकत ऐकत सुटे पैसे देत होती.

"मग?" शेवटी ती म्हणाली.

"मग काय? तू सांग. करू की नको?"

"वा गं! म्हणजे ते पाच जण तुझ्या डोक्यावर बसले, आणि तू येऊन माझ्या डोक्यावर बसणार?"

"आपा, तुझी नोकरी आहे ही."

"मला माहितेय कुणाची आहे ते." जुबेदाने दोरी ओढली, गाडी थांबली, एक बाई कोंबडी घेऊन उतरली. जुबेदाने दोनदा ओढली, गाडी निघाली. "भीती वाटते मला, केतकी. खोटं कशाला बोलू? कँटीनमध्ये खाली मान घालून राहायचं म्हणजे खालीच राहायचं. वर कोण आहे ते दिसतच नाही, नुसते हात दिसतात, कप ठेवणारे." तिने मागच्या बाकावर एक तिकीट फाडून दिलं. "पण मी मागे उभी राहून मांड्या काळ्यानिळ्या करून घेते, आणि तू पुढे जाऊन मुद्दाम बाहेर मारतेस, हे मला लांबून दिसणार. मग पुढचा बॉल अडवताना माझ्या मनात काय येईल?"

"म्हणजे करू?"

"कर म्हणणार नाही. नको पण म्हणणार नाही. तिकीट काढलंस का?"

केतकीने तिकीट काढलं.

अंतिम सामना वरखेडच्या संघाशी होता. वरखेडच्या मंडळात सगळे मूळ उंचीवरच असल्याने त्यांच्या खेळाडू आडमाप वाढलेल्या होत्या. केतकीने पूर्वार्धात एकदाही गोलवर मारलं नाही. बॉल आला की ती डावीकडे द्यायची, उजवीकडे द्यायची. मांडवात बसलेले भाऊसाहेब समाधानाने मान हलवत होते, आणि त्यांच्या मागे बसलेल्यांना तेवढ्यापुरतं मैदान दिसत होतं. डावीकडची मुलगी बॉल बाहेर घालवत होती, उजवीकडची अडवली जात होती. मागे जुबेदाने एक पायावर घेतला, एक हातावर, आणि एक सरळ छातीवर.

सामना संपायला थोडा वेळ उरला असताना वरखेडच्या एका मुलीकडून बॉल निसटला आणि केतकीच्या पुढ्यात आला. समोर त्यांची गोलकीपर पडलेली होती. गोल मोकळा होता, अगदी अंगणासारखा. डावीकडे द्यायला कुणी नव्हतं. उजवीकडे द्यायला कुणी नव्हतं. केतकीने एकदा मागे वळून बघितलं. लांब, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जुबेदा उभी होती. ती काही खूण करत नव्हती. ती छाती चोळत होती.

केतकीने बॉल मारला.

पंचांनी शिट्टी वाजवून गोल दिला आणि नियमाप्रमाणे खेळ थांबवला. दोन शिपायांनी मोजखांब उचलून मैदानात आणला. कुलथे मॅडमनी केतकीला पाठ टेकून उभं राहायला सांगितलं, टाचा जुळवायला सांगितल्या, मनगटावर शिक्का मारला. केतकी एक वीत वाढली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेबांनी वाजवल्या नाहीत, पण ते उभे राहिले. मागच्या सगळ्या रांगांनी ओरडून त्यांना खाली बसायला सांगितलं.

उरलेला वेळ केतकीला अवघड गेला. हॉकी स्टिक तिला आता आखूड पडत होती आणि बॉल नेहमीपेक्षा लांब, खाली कुठेतरी दिसत होता. वरखेडने शेवटी जोर लावला. जुबेदाने दोन अडवले. कासारझरी संघ एका गोलने जिंकला.

चषकाची मिरवणूक निघाली. दुसऱ्या दिवशी लीगच्या कचेरीत कापणीची बैठक बसली. पाचही ज्येष्ठ आले होते, केतकी आणि जुबेदा आल्या होत्या, आणि टेबलामागे कुलथे मॅडम होत्या. कुठल्या संघाने किती उंची परत करायची हे लीग ठरवते. कुणाची करायची हे संघाने लिहून द्यायचं असतं, आणि त्या पत्रावर अध्यक्ष व कप्तान अशा दोघांच्या सह्या लागतात. टिळेकरांनी पत्र तयारच आणलं होतं. त्यात जुबेदाचं नाव होतं. भाऊसाहेबांची सही झालेली होती.

"मी सही करणार नाही," केतकी म्हणाली.

"अगं, पण नियम आहे."

"पत्रावर सही लागते असा नियम आहे. मी ती केलीच पाहिजे असा नाही." ती कुलथे मॅडमकडे वळली. "मॅडम, माझी कालची वीत परत घ्या. विषय मिटला."

"घेता येणार नाही," कुलथे मॅडम म्हणाल्या. "बोनस परत केला म्हणजे तो मिळालाच नव्हता असं होतं. बोनस मिळाला नाही म्हणजे पंधरावा गोल झाला नाही. गोल झाला नाही म्हणजे सामना बरोबरीत सुटला. मग मला चषक परत मागवावा लागेल."

"चषक द्यायचा नाही!" भाऊसाहेब गरजले. चषक त्यांच्या घरी शोकेसमध्ये ठेवून झाला होता.

"मग कापणीचं पत्र द्या."

"आणि पत्र आलंच नाही तर?" केतकीने विचारलं.

कुलथे मॅडमनी चष्मा पुसला. "असं कधी झालेलं नाही. पण तरतूद आहे. कचेरी बंद होईपर्यंत पत्र आलं नाही, तर संघाच्या नावावर ज्यांची ज्यांची उंची आहे, त्या सगळ्यांची त्या त्या प्रमाणात कापायची. आणि संपणारे करार आहेत तसे पुढे चालू."

"सगळ्यांची?" टिळेकर म्हणाले.

"सगळ्यांची. छताला मानधन आणि पगार वेगळा दिसत नाही."

आता ज्येष्ठ केतकीशी गोड बोलू लागले. पुढच्या वर्षी पगार वाढवू म्हणाले. नंतर जुबेदाशी गोड बोलू लागले. तूच मोठ्या मनाने सांग हिला, म्हणाले. जुबेदा म्हणाली, "माझं मन मूळ उंचीचंच आहे, साहेब."

"बरं, मग एक करू," केतकी म्हणाली. "तुम्ही पाच जण आपसात वीत वाटून घ्या. दोन-अडीच बोटं येतात प्रत्येकी. तसं पत्र करा, मी आत्ता सही करते."

पाचही जणांनी यावर गंभीरपणे विचार केला. एक जण म्हणाले, नातवाची मुंज तोंडावर आली आहे, आत्ता बरं दिसणार नाही. दुसरे म्हणाले, त्यांच्या घराची माळ्याची शिडी मोडली आहे. टिळेकर म्हणाले, त्यांच्या चष्म्याचा नंबर याच उंचीवरून काढलेला आहे. चौथे काही बोलले नाहीत, त्यांना खालचं नीट ऐकू येत नसे. भाऊसाहेब म्हणाले की त्यांची स्वतःची काहीच हरकत नाही, पण लोक काय म्हणतील?

"लोक म्हणतील, भाऊसाहेब दिसायला लागले," केतकी म्हणाली.

"तोंड सांभाळून बोल!"

"मी परवापासून सांभाळूनच बोलतेय. तुमच्या पिढीला कुणी काही मागितलंच नाही कधी, म्हणून तुम्हाला वाटतं सगळं तुमचंच आहे. नारळ फोडलात, त्याचं खोबरं अजून किती वर्षं खाणार?"

यावर ठराव करून तिचा निषेध करावा असं टिळेकरांनी सुचवलं. निषेधाच्या ठरावावरही कप्तानाची सही लागते, असं कुलथे मॅडमनी सांगितलं.

मग सगळे बसून राहिले. ज्येष्ठांना वाटत होतं, पोरगी कंटाळेल. आजवर पोरी कंटाळतच आल्या होत्या. कुणाचा अभ्यास असायचा, कुणाला घरी पाणी भरायचं असायचं. केतकीने पिशवीतून शेंगदाणे काढले. जुबेदाने रजा टाकलेली होती. दोघी शेंगदाणे खात बसल्या. शिपायाने चहा आणला, कप गोळा केले, खिडक्या लावायला सुरुवात केली. कुलथे मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, उठल्या, आणि मोजखांबावरची धूळ फडक्याने पुसली.

"मंडळी, रांगेत या."

भाऊसाहेबांची पावणेदोन बोटं गेली. बाकीच्या ज्येष्ठांचीही बोट-बोटभर गेली. जुबेदाचं पाऊण बोट गेलं. तिने तिथेच हात वर ताणून पाहिला, टाचा जरा उचलल्या, आणि मान हलवली. केतकीच्या बोनसला हात लागत नव्हता. तिच्या तीन बोटांतलं जे गेलं, ते बघायला कुलथे मॅडमना भिंग घ्यावं लागलं. बाकीच्या मुलींना दुसऱ्या दिवशी बोलावलं. बोटभर खाली उतरल्यावर टिळेकर इकडेतिकडे बघत राहिले आणि चष्मा काढून पुन्हा लावला. नंबर काही बदलला नव्हता.

पुढचा हंगाम जवळ आला तेव्हा जुबेदाचा करार नव्याने लिहायला संघाच्या कचेरीत सगळे जमले. करार होता तसाच चालू राहणार होता, पण मुदत घालायची होती. छत खाली आलेलं, त्यात वाढीव पगाराला जागा नव्हती. भाऊसाहेबांनी तसं सांगितलं. आवाज थोडा लवकर पोचला.

"पगार नको," जुबेदा म्हणाली. "बोनस लिहा. पाच सामने एकही गोल न खाता काढले, तर दोन वीत."

"दोन?" टिळेकर म्हणाले.

"आणि एकदम पाच?" भाऊसाहेब हसू लागले. "अगं, कुठली गोलकीपर पाच सामने गोल न खाता काढते?"

गेल्या हंगामात जुबेदाने तसे सहा काढले होते. मंडळात कुणी ते मोजले नव्हते. केतकीने मोजले होते. ती छताकडे बघत राहिली.

"लिहा, लिहा, टिळेकर," भाऊसाहेब म्हणाले. "दोन मागतेय तर दोन लिहा. लिहायला काय जातंय? तेवढीच हिला उमेद."

टिळेकरांनी वळणदार अक्षरात लिहिलं. भाऊसाहेबांनी सही केली, जुबेदाने केली, कप्तान म्हणून केतकीने केली.

तिथून जुबेदा थेट बाजारातल्या शिंप्याकडे गेली. नव्या गणवेशाचं खाकी कापड तिने आधीच देऊन ठेवलं होतं. सलवारीला खाली दोन वीत माया सोड, असं तिने सांगितलं. शिंप्याने टेप गळ्यात अडकवला, वहीत माप लिहून घेतलं, आणि कधीपर्यंत हवंय तेवढं विचारलं.